गड्ड्याच्या दिवसांतलं जेवण: घरचा पाव आणि ज्वारीचं दाट सूप

जानेवारीत गड्डा, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराची यात्रा, भरला की सोलापुरात घरोघरी पाहुणे उतरतात आणि रात्रीच्या जेवणाची वेळ कुणाच्याच हातात राहत नाही. नंदीध्वजांची मिरवणूक बघायला गेलेली मोठी माणसं गर्दीतून कधी सुटतील, होम मैदानावर पाळण्यात बसायला गेलेली पोरं कधी परततील, याचा काही भरवसा नसतो. अशा वेळी गरम भाकरी वाढायची तर घरातल्या एका बाईला तव्यापाशीच थांबावं लागतं आणि तिची यात्रा बुडते. मला ते बिलकूल पटत नाही. म्हणून त्या दिवसासाठी पाव आणि सूप. दोन्ही घराबाहेर पडायच्या आत पुरं होतं. मग माणसं नऊला येवोत की अकराला, पातेलं गॅसवर चढवलं की झालं. खालची सगळी तयारी सहा माणसांसाठी आहे, आणि संध्याकाळी पाचला कुलूप लावून निघायचं असं धरलं आहे.

बाजार दोन-तीन दिवस आधीच उरका, कारण यात्रेत गावातले रस्ते तुंबतात. भाजीचं ओझं मात्र फार होत नाही. भोगीसाठी गाजर, पावटा, घेवडा, सोलाणे (ओला हरभरा) घरात येणारच असतात, तेच थोडे जास्त घ्या. लक्ष्मी मंडईत या दिवसांत पावटा आणि हरभरा इतका ताजा मिळतो की गोठवलेल्या मटारकडे बघायचं कारण नाही. त्याशिवाय पाव किलो लाल भोपळा, तीन लालबुंद टोमॅटो, दोन कांदे आणि भरपूर लसूण. भोगीच्या भाजीतली वांगी सूपात घालू नका, रंग काळपट होतो.

पावासाठी बाहेरून आणायच्या दोनच गोष्टी, मैदा आणि यीस्ट. यीस्ट बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून कोरडं, इन्स्टंट घ्या आणि पाकिटावरची तारीख वाचून घ्या. घरात जुनं उघडं पाकीट असेल तर त्यावर विसंबण्याआधी तपासा. अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि अर्धा चमचा यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. वर फेस धरला तर ते जिवंत आहे. पाणी तसंच निवळ राहिलं तर टाकून द्या, ते पाकीट आणखी चमचाभर घालूनही कामाचं नाही. पाणी बोटाला जेमतेम कोमट लागेल इतकंच हवं. ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं आणि नंतर कितीही वाट पाहिली तरी पीठ हलत नाही.

आता पिठाचं. ३५० ग्रॅम मैदा आणि १५० ग्रॅम गिरणीतून दळून आणलेलं गव्हाचं पीठ हे प्रमाण मला सगळ्यांत जमतं. नुसत्या गव्हाच्या पिठाचा पाव होतो, पण कोंड्याचे कण पिठातले ताणलेले धागे कापतात, म्हणून तो दडस राहतो. त्यात गिरणीचं पीठ पाणी जास्त पितं. ज्वारीचं पीठ पावात घालायचा मोह सोलापुरात प्रत्येकाला होतो, आणि तो मी समजू शकते. पण ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे पिठाला ताण देणारे ते धागे, नाहीत. यीस्टनं सोडलेला वायू धरून ठेवायला तिच्याजवळ काही नसतं. मूठभर घातली तर चव येते, जास्त घातली की पाव बसतो. तिची खरी जागा सूपात आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या भागातली ही मालदांडी वाणाची ज्वारी अख्खी शिजवली तर दाणा फुलतो, तरी चावायला लागतो, आणि शिजवलेलं पाणी आपोआप दाट होतं. त्या सूपाला कॉर्नफ्लोअर लागत नाही.

बाकी सामान घरातलंच: १० ग्रॅम मीठ, २० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम यीस्ट, २५ ग्रॅम तेल आणि ३३० ग्रॅम पाणी. तेल करडईचं, घाण्याचं मिळालं तर उत्तमच. वाटीच्या मापावर पाव करू नका. प्रत्येक घरची वाटी वेगळी असते आणि पिठाचं माप दाबून भरलं की सैल, यावर बदलतं. छोटा वजनकाटा नसेल तर शेजारून मागून आणा. नऊ इंच लांब आणि पाच इंच रुंद पावाचा डबा एवढ्या पिठाला बरोबर पुरतो.

ओटीजीचं, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनचं, सॉकेट आधीच बघून ठेवा. हे यंत्र मोठी वीज ओढतं. त्याला १६ अँपिअरचा जाड पिनांचा पॉइंट लागतो, मोबाइल चार्जिंगच्या एक्स्टेन्शनवर ते लावायचं नाही. नळाला पाणी यायचा वार कोणता, तेही बघा. पाणी काही दिवसांआड येतं, आणि हात पिठात माखलेले असताना टाकी भरायची पळापळ झाली की मळणं अर्धवट राहतं. शिवाय नळाचं पाणी डाळीसाठी साठवून ठेवायला हवं. बोअरच्या जड पाण्यात कडधान्य लवकर मऊ होत नाही.

आदल्या रात्री झोपण्यापूर्वी शंभर ग्रॅम ज्वारी निवडून, धुऊन भिजत घाला. खडा राहिला तर अख्ख्या दाण्यात तो दिसत नाही, म्हणून ताटात पसरून नीट बघा. शंभर ग्रॅम अख्खा मसूर सकाळी भिजवला तरी चालतो. लसूण सोलून ठेवा, सोलाणे आणि पावटा सोलून ठेवा. हे काम पाहुण्यांबरोबर गप्पा मारत होतं.

सकाळी आधी ज्वारी. लिटरभर पाण्यात कुकरला लावा, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून अर्धा तास. मसूर वेगळा शिजवा, एकत्र घातला तर ज्वारी होईपर्यंत त्याचा गाळ होतो. जाड बुडाच्या पातेल्यात करडईच्या तेलावर जिरं, ठेचलेला लसूण आणि कांदा परता. मग भोपळा, गाजर, घेवडा, सोललेला पावटा आणि सोलाणे. भोपळा चमच्यानं मोडू लागला की त्यातला अर्धा तिथेच चेचा, सूपाला अंग त्यानंच येतं. ज्वारी तिच्या पाण्यासकट घाला, मसूर घाला आणि टोमॅटो सगळ्यांत शेवटी. आंबटपणामुळे कडधान्य निबर राहतं, म्हणून आधी सगळं मऊ शिजलेलं हवं. मीठ आणि अर्धा चमचा काळं तिखट. पाणी बेतानं वाढवून सगळं मिळून पावणेदोन लिटरच्या आसपास ठेवा. साडेअकरापर्यंत हे काम संपतं आणि ओटा पावासाठी मोकळा होतो.

पावाचं वेळापत्रक शेवटाकडून मोजायचं. पाचला निघायचं, तर पाव चारला बाहेर आलेला हवा, कारण तासभर निवायला लागतो. म्हणजे तीन वीसला तो ओव्हनमध्ये गेला पाहिजे आणि तीनला ओव्हन तापत लागला पाहिजे. त्याआधी डब्यात तासभर फुगणं, त्याआधी भांड्यात दीड तास. म्हणून पावणेबाराला पीठ आणि पाणी नुसतं कालवून झाकून ठेवा आणि अर्धा तास त्याला हात लावू नका. या अर्ध्या तासात पीठ स्वतःच पाणी पितं आणि मळायचे कष्ट निम्म्यानं कमी होतात. मग यीस्ट, साखर, मीठ घालून मळा, तेल शेवटी. दहा-बारा मिनिटं मळल्यावर लिंबाएवढा गोळा दोन्ही हातांनी ताणून बघा. न फाटता उजेड दिसेल इतका पातळ पडदा झाला तर पीठ तयार. आधीच फाटला तर आणखी चार मिनिटं मळा. इथे कंटाळा केला तर पुढे दुरुस्ती नाही.

घड्याळ मी दिलं आहे, पण शेवटचा शब्द पिठाचा. जानेवारीत आपल्याकडे सकाळ गार आणि दुपार उबदार असते, त्यामुळे दीड तासात पीठ दुप्पट होतं. ढगाळ दिवशी जास्त लागेल. हेच एप्रिलमध्ये केलं तर पाऊण तासात ओतू जाईल, तेव्हा मळायला फ्रीजचं गार पाणी घ्यावं लागतं. दुप्पट झालेलं पीठ डब्यात घाला, आणि ते तासभर फुगलं की बोटानं हलकं दाबा. खड्डा सावकाश, अर्धवट भरून आला तर पाव ओव्हनला तयार आहे. झटकन भरला तर थांबा. खड्डा तसाच राहिला तर आता एक क्षणही थांबू नका.

ओव्हन २०० अंशांवर, पस्तीस मिनिटं. वरचा भाग लवकर लाल झाला तर फॉइल झाका. पाव डब्यातून काढून तळाला टिचकी मारा, पोकळ आवाज आला तर शिजला. ओटीजीची दुसरी जाळी ओट्यावर दोन वाट्यांवर टेकवून त्यावर निववा, डब्यातच ठेवला तर वाफेनं बूड ओलं होतं. गरम कापू नका, कितीही वास सुटला तरी. आतला मगज अजून बसत असतो आणि सुरीला चिकटतो. निवला की सुती पंच्यात गुंडाळून ठेवा.

वीज गेली तर घाबरू नका. पीठ फुगत असेल तर भांडं फ्रीजमध्ये टाका, फुगणं मंदावतं. वीज आलीच नाही तर त्याच पिठाचे चपटे गोळे करून, झाकण ठेवून, जाड तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. पावाचा डौल येत नाही, पण सूपाबरोबर छान लागतात.

निघण्यापूर्वी वाडगे, चमचे आणि शेंगा (शेंगदाणा) चटणीची बरणी टेबलावर काढून ठेवा. लिंबं चिरून झाका. घरात कुणी वडीलधारे असतील तर कडक भाकरीही काढा. अनेकांना रात्री पाव जड वाटतो, आणि सूपात कुस्करलेली कडक भाकरी मला स्वतःला पावापेक्षा कमी आवडत नाही. सूप फ्रीजमध्ये ठेवा. परत आल्यावर ते घट्ट झालेलं दिसेल, कारण ज्वारी पाणी पीत राहते. त्यात दोन वाट्या उकळतं पाणी घाला, पूर्ण खदखदू द्या, आणि ते उकळेपर्यंत पाव कापून घ्या. वर चमचाभर शेंगा चटणी, थोडं कच्चं करडईचं तेल, लिंबू.

पाव उरला तर फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे तो लवकर शिळा आणि कोरडा होतो. दुसऱ्या दिवशी खायचा असेल तर पंच्यातच राहू द्या. त्याहून जास्त टिकवायचा असेल तर काप करून फ्रीजरमध्ये टाका आणि लागतील तसे थेट तव्यावर भाजा.