बोटीवर गेलेले पणजोबा कागदांत सापडत नाहीत? या चुका टाळा

"बोटीवर होते, तिकडेच गेले." रत्नागिरी, मालवण, हर्णै, श्रीवर्धनकडच्या बऱ्याच घरांत एखाद्या पूर्वजाबद्दल एवढंच ऐकायला मिळतं. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर डेकवर कोकणातले सारंग (खलाशांच्या टोळीचे म्होरके), टंडेल (त्यांच्या हाताखालचे) आणि खलाशी असत, आणि सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या दिवाणखान्यात, गोव्याचे बटलर नि स्टुअर्ड. यातला एखादा माणूस दर्यात गेला, तर त्याची नोंद सहसा कुठेतरी होतेच, कारण त्याचा उरलेला पगार कंपनीला कोणाला तरी द्यावा लागे. तरीही शोध अडतो, तो पुढच्या काही ठरलेल्या ठिकाणी.

माणूस शोधत बसणं

सर्वांत मोठी चूक हीच. आधी बोट शोधा, माणूस तिच्यावर सापडतो.

घरात आपण ज्या आडनावाने पणजोबांना ओळखतो, ते बोटीच्या कागदावर असेलच असं नाही. बऱ्याचदा फक्त स्वतःचं आणि बापाचं नाव लिहिलेलं असतं: दाऊद इस्माईल, रामा गोपाळ. तेही गोऱ्या कारकुनाने कानाला जसं लागलं तसं. सखारामच्या स्पेलिंगमध्ये मधला 'ह' गळलेला असतो, रत्नागिरीचं 'रटनागेरी' झालेलं असतं, वेंगुर्ल्याचं 'विंगोर्ला'. गावाच्या रकान्यात सरसकट 'बॉम्बे' लिहून मोकळं होणारेही होते. शिवाय सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला, त्यामुळे मालवणचा माणूस जुन्या कागदात रत्नागिरीचा म्हणून येतो. अशा स्थितीत शोधपेटीत 'मुकादम' किंवा 'तांडेल' असं आडनाव टाकून काही हाती आलं नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

बोटीचं नाव मिळायला घरातलीच ट्रंक आधी उघडावी. नोकरीचं पुस्तक (हल्ली ज्याला सीडीसी म्हणतात), मनीऑर्डरच्या पावत्या, तार, पदक, काहीही चालेल. नाव मिळालं तरी लगेच हुरळून जाऊ नका. 'सिटी' किंवा 'क्लॅन'ने सुरू होणाऱ्या नावांच्या बोटींचे ताफेच होते, आणि बुडालेल्या बोटीचं नाव नव्या बोटीला देण्याची पद्धतही होती. म्हणून बोटीचा अधिकृत क्रमांक मिळवा. ब्रिटिश नोंदणीत असेपर्यंत बोटीचं नाव बदललं तरी हा क्रमांक बदलत नसे, आणि खलाशांचे करारनामे (बोटीवर नोकरीला लागलेल्यांचे करार आणि नावांच्या याद्या) याच क्रमांकाने लावलेले असतात.

करारनाम्याची यादी हाती आली की सारंगाचं नाव पाहा. सारंग आपली टोळी स्वतःच्या गावातून, नात्यातून जमवत असे. पणजोबांचं नाव ओळखू येत नसेल, पण आजूबाजूला तुमच्याच वाडीतली चार नावं ओळीने दिसली, तर मधलं ते विचित्र स्पेलिंग बहुधा तुमचंच. हा पुरावा वकिलाला चालणार नाही, पण शोध पुढे न्यायला भरपूर आहे. यादीत फक्त गोरेच दिसले तर निराश होऊ नका. आशियाई खलाशांचा करार अनेकदा वेगळा असे. तो निराळा मागावा लागतो.

'समुद्रात गेले' म्हणजे बोट बुडाली, असं धरून चालणं

बेरीबेरी, न्यूमोनिया, इंजिनखोलीतली उष्णता, शिडीवरून पडणं यांनीही माणसं दगावत. तसा मृत्यू ब्रिटनच्या जहाज निबंधकाच्या नोंदवह्यांत येतो. १८९१ नंतरच्या या वह्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये 'बीटी ३३४' या मालिकेत आहेत, त्यांत वय, हुद्दा, मृत्यूचं कारण, शेवटचा पत्ता असे रकाने असतात. बोटीचं अधिकृत लॉगबुक टिकलं असेल तर त्यात मयताच्या सामानाची यादीही मिळू शकते.

आजारी खलाशाला वाटेत बंदरावर उतरवलं आणि तो तिथल्या इस्पितळात वारला, तर मात्र कागद त्या शहराच्या मृत्यूनोंदीत शोधावा लागतो. करारनाम्यात त्याच्या नावापुढे कुठे उतरवलं ते लिहिलेलं असतं.

युद्धस्मारकाच्या यादीत नाव नाही म्हणून थांबणं

दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी फुकट आहे, म्हणून सगळे आधी तिथेच जातात. ते ठीकच. पण व्यापारी बोटीवरच्या खलाशाला तिथे जागा मिळते ती मृत्यू युद्धामुळे झाला असेल तरच. १९४२ साली बोटीवर तापाने गेलेला माणूस त्या यादीत नसणं स्वाभाविक आहे.

उलटीही गंमत होते. दुसऱ्या महायुद्धातल्या नोंदीपुढे 'चितगाव' दिसतं आणि लोक म्हणतात, हा कोणी बंगाली असणार, आपला नव्हे. मुंबई आणि चितगाव हे एकच जोडस्मारक आहे, नामावली दोन्हीकडे ठेवलेली आहे. पहिल्या महायुद्धातल्यांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशीगृहात आहे.

यूबोट डॉट नेट हे संकेतस्थळ उत्तम, पण जर्मन पाणबुड्यांपुरतं. 'तिलावा' ही मुंबईहून आफ्रिकेला निघालेली बोट २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीने बुडवली, २८० माणसं गेली. ती तिथे शोधून काय मिळणार?

घरातली तारीख पक्की मानणं

घरी श्राद्धाची तिथी किंवा फातिहाचा दिवस ठरलेला असतो, पण तो मृत्यूचा दिवस असेलच असं नाही, कधी तो बातमी पोचल्याचा असतो. 'पर्शिया' ही बोट भूमध्य समुद्रात क्रीट बेटाजवळ बुडाली ३० डिसेंबर १९१५ ला, ५१९ पैकी ३४३ जण गेले. कोकणातल्या घरांपर्यंत हे कळेपर्यंत इंग्रजी साल उलटलेलंच असणार. पोथीत किंवा वहीत शके साल असेल तर इंग्रजी साल काढायला नुसते ७८ मिळवून मोकळे होऊ नका. शके १८३७ ची सुरुवात १९१५ च्या चैत्रात झाली, पण त्यातला माघ १९१६ मध्ये येतो. साधारण जानेवारीपासून पुढच्या दिवसांना ७९ मिळवायचे.

गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदीत, म्हणजे कोतवाल बुकात, हा मृत्यू बहुधा नसतो. माणूस गावात मेलाच नव्हता. त्याऐवजी जमिनीचा वारस फेरफार काढा. जमीन थोडी का होईना, पण त्याच्या नावावर असेल तर कधी ना कधी वारस लागलेच असणार. जुने फेरफार तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात, काही जिल्ह्यांचे स्कॅन 'आपले अभिलेख'वर आहेत. फेरफार दहा वर्षं उशिराही होत असे, म्हणून त्या सालाकडे फक्त 'याच्या आधी गेले' एवढ्याच अर्थाने बघा.

चुकीच्या दाराशी जाणं

ब्रिटिश बोटींचे १८६१ ते १९३८ चे करारनामे एका छताखाली नाहीत. दहा टक्के क्यूला आहेत. १८६५, १८७५ असं करत पाचाने संपणाऱ्या सालांचे उरलेले ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये, आणि बाकीचा मोठा गठ्ठा चक्क कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाच्या सागरी इतिहास संग्रहात. १९१५ सालच्या याद्या मात्र ऑनलाइन फुकट शोधता येतात. १९३९ ते १९५० चे करारनामे क्यूला 'बीटी ३८१' मध्ये आहेत. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हेही बघावं, पण तिथे एकेका खलाशाचं नाव क्वचितच असतं. असतात त्या खात्यांच्या फायली. धीर असेल तरच जा.

परदेशी संग्रहाला ईमेल पाठवताना कौटुंबिक इतिहास लिहू नका. बोटीचं नाव, अधिकृत क्रमांक आणि साल, एवढं पुरे. सालही दोन द्या, कारण करारनामा सफर संपली त्या वर्षाच्या पेटीत लावलेला असतो, माणूस गेला त्या वर्षाच्या नव्हे.