पिग्मी शेळी घ्यायची म्हणताय? आधी दात बघायला शिका

प्राणिशास्त्रात एमएस्सी करताना प्रोजेक्टसाठी मी शेळीचं वर्तन हा विषय घेतला. डोक्यात तेव्हा एकच नाव होतं, पिग्मी. मोबाइलवर त्या गोलमटोल, आखूड पायांच्या शेळ्या बघून वेड लागलं होतं. गणपतीच्या आधी एका विक्रेत्याने "दोन वर्षांची, पूर्ण वाढ झालेली पिग्मी" म्हणून एक काळी पाट, म्हणजे न व्यालेली तरुण शेळी, दाखवली. साठवलेल्या स्कॉलरशिपचे पैसे मोजून मी ती करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी आणली. नाव ठेवलं चिमी.

संध्याकाळी शेजारचे धनगर मामा बघायला आले. त्यांनी काहीच विचारलं नाही. डाव्या हाताने तिची हनुवटी धरली आणि अंगठ्याने खालचा ओठ ओढला. आत आठ बारीक, पांढरेशुभ्र दात होते, तांदळाच्या दाण्यांसारखे. "पोरी, ही आदत हाय की. वरीस बी झालं न्हाई अजून."

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण हाताने कधी बघितलं नव्हतं. शेळीला पुढचे दात फक्त खाली असतात, वर नुसती कडक हिरडी. खालचे आठही दुधाचे असले तर ती आदत. साधारण सव्वा वर्षाच्या आसपास मधले दोन पडून रुंद दात येतात. मग वर्षाला एक जोडी बदलते आणि चौथ्या वर्षापर्यंत तोंड जुळतं, म्हणजे आठही दात पक्के होतात. दोन वर्षांच्या शेळीच्या तोंडात सगळे दुधाचे दात असूच शकत नाहीत. मामांनी पुढे तिच्या डोळ्याची खालची पापणी उलटली. ती लालसर असायला हवी, चिमीची फिकट पांढरी होती. पोटात रक्त पिणारे जंत होते, त्यामुळे वाढ खुंटलेली. डॉक्टरांनी वजन करून जंताचं औषध दिलं, चारा सुधारला आणि दिवाळीपर्यंत ती माझ्या मांडीला लागायला लागली.

खरी पिग्मी आणि खुरटलेलं करडू यांतला फरक ताठ उभं करून बाजूने बघितलं की कळतो. पिग्मीची हाडंच जन्मतः आखूड वाढतात. पाय बुटके, पण छाती रुंद आणि धड पिंपासारखं भरलेलं. खांद्यापाशी उंची साधारण ४० ते ५८ सेंटिमीटर. खुरटलेल्या करडाचे पाय अंगाच्या मानाने लांबच दिसतात आणि पोट तेवढं सुटलेलं असतं. पिग्मीचं मूळ पश्चिम आफ्रिकेत, कॅमेरूनच्या बाजूला. तिथल्या बुटक्या शेळ्या त्सेत्से माशीतून पसरणारा रोग बऱ्यापैकी सोसतात. तिथून त्या युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत गेल्या आणि १९५९ साली स्वीडनमधून अमेरिकेत. परदेशातून जिवंत जनावर भारतात आणायला केंद्र सरकारची परवानगी लागते. कुणी सहज पिग्मी विकायला काढली तर कागद मागा आणि ओठ उलटून बघा. लहान चणीच्याच शेळीचा अभ्यास करायचा असेल तर आपल्या देशात ब्लॅक बेंगॉल आहे. सुरुवात मात्र दारातल्या उस्मानाबादीपासून करा. गुणसूत्रं तीच ६०, माज साधारण २१ दिवसांनी, गाभण काळ १५० दिवसांच्या आसपास. जात बदलली तरी प्राणी तोच.

चिमी एकटी होती. पहिली रात्र ती सतत ओरडली, चाऱ्याला तोंड लावलं नाही. एकटी शेळी आणून तिच्या वर्तनाचा अभ्यास करणं ही माझी मोठी चूक. ती कळपातलीच असते, तिला दुसरी हवीच. मी मामांची एक मोठी शेळी आणून बांधली. तीन दिवस दोघींची डोकी आपटत होती. चौथ्या दिवशी मोठी आधी खायची आणि चिमी मागे थांबायची, आणि भांडण मिटलं. ही उतरंड टिपायला शिकलात की गव्हाणीत कुणाला चारा कमी पडतो ते आपोआप दिसतं. गव्हाण लांब ठेवा.

मामांची शेळी व्याली तेव्हा दुसऱ्या दिवशी एक करडू सापडेना. तासभर शोधलं. शेवटी वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या पाल्याच्या, पेंढीमागे अंग चोरून, कान पाडून, अगदी निपचित पडलेलं दिसलं. आई निवांत रवंथ करत होती. डोंगरातल्या रानशेळीची पिल्लं पहिले काही दिवस अशीच दडून राहतात, आई ठरावीक वेळी येऊन पाजते. ही सवय गोठ्यात येऊनही गेलेली नाही.

आणि गोठ्यात येऊन किती काळ झाला? सुमारे दहा हजार वर्षं. इराणच्या झाग्रोस डोंगरातल्या गंज दारेह इथे शेळ्यांची हाडं सापडली. त्यांत नर बहुतेक कोवळ्या वयात मारलेले, माद्या मात्र वय होईपर्यंत ठेवलेल्या. शिकारीत मोठा नर आधी टिपला जातो. इथे उलटं आहे, म्हणजे कुणीतरी कळप राखत होतं. हे वाचलं तेव्हा मला वडगावच्या बाजाराला निघालेले मामा आठवले. बोकड विकायचे आणि पाटी घरी ठेवायच्या, हाच त्यांचा हिशेब.

आवाजाकडेही लक्ष द्या. २०१२ साली इंग्लंडमध्ये पिग्मी करडांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की एकत्र वाढणाऱ्या करडांचा आवाज एकमेकांसारखा होत जातो. मी मोबाइलवर रोज सकाळी दहा मिनिटं रेकॉर्ड करायचे. महिन्याभरात डोळे मिटून कोण ओरडतंय ते सांगता यायला लागलं.

नव्यांसाठी हाताने करायच्या गोष्टी: डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट जागेत, मूठ टेकवा, मिनिटाला एक-दोनदा आतून ढकल लागली की पोट चालू आहे. अंगाचं तापमान ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस, माणसापेक्षा जास्तच. आपल्याकडे वाढं फुकट मिळतं, म्हणून फक्त त्यावर ठेवू नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. शेवरी, सुबाभूळ, हादगा मिसळा. पावसाळ्यात गोठा ओला राहिला की खुरं सडतात, जंत वाढतात. जमिनीपासून उंच माचा करा. करडाला चीक पहिल्या तासातच पाजा. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग) आणि आंत्रविषार (आतड्यात विष तयार करणाऱ्या जिवाणूंचा रोग) यांच्या लसींची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

मार्चमध्ये चिमीचे मधले दोन दात आले, रुंद आणि थोडे वाकडे. ओठ मीच ओढून बघितला. मामा मागे उभे होते. "दोन दाती," मी म्हटलं, आणि त्यांनी मान हलवली.