दातदुखीच्या एका केसवरून निदानाचा विचार शिकवणारा गूगल फॉर्म कसा तयार करावा

बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षी विद्यार्थी ओपीडीत उभा राहतो, तेव्हा आजारांची लक्षणे त्याला बहुधा पाठ असतात. तो अडतो तो पुढचा प्रश्न कोणता विचारायचा आणि का, या ठिकाणी. हे शिकवायला पडद्यावर काल्पनिक रुग्ण उभा करणारे महागडे व्हर्च्युअल पेशंट सॉफ्टवेअर लागत नाही. गूगल फॉर्म पुरतो, मात्र विद्यार्थ्याने कारण लिहिल्याशिवाय त्याला पुढची माहिती मिळता कामा नये. मी पहिली केस तयार केली तेव्हा तक्रारीखालीच एक्स-रे लावला होता, आणि जवळजवळ सगळे विद्यार्थी त्यातले फिलिंग पाहून निदान लिहून मोकळे झाले.

पहिल्या सेक्शनमध्ये फक्त तक्रार द्यावी, तीही पेशंटच्या शब्दांत. सोलापूरच्या पूर्व भागातील विडी वळणारी पंचेचाळीस वर्षांची बाई उजव्या गालावर हात ठेवून तेलुगूत ‘पन्नु नोप्पी’ (दात दुखतो) एवढेच म्हणते, आणि सोबतची मुलगी मराठीत सांगते की खालची दाढ ठणकते, रात्री झोप लागत नाही. केस रचलेली असली तरी हिस्टरी, म्हणजे दुखण्याची हकिकत, अशी दुसऱ्याच्या तोंडून येणे आपल्याकडे रोजचे आहे, म्हणून ते गाळू नये. खाली ‘पॅराग्राफ’ प्रकारचे दोन प्रश्न घालून ते ‘रिक्वायर्ड’ करावेत: केसचा सारांश एका वाक्यात लिहा, तीन संभाव्य निदाने कारणांसह लिहा.

दुसऱ्या सेक्शनमध्ये पुढे काय करणार, हे ‘मल्टिपल चॉइस’ने विचारावे आणि ‘गो टू सेक्शन बेस्ड ऑन आन्सर’ सुरू करून प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र सेक्शन जोडावा. चुकीच्या वाटेवर ‘उत्तर चूक’ असे लिहू नये, तिथे परिणाम दाखवावा. ज्याने फिलिंग असलेल्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल निवडले, त्याला पुढच्या पानावर इतकेच वाचायला मिळते: ‘ब्लॉक (खालचा जबडा बधिर करणारे इंजेक्शन) दिला, खालचा ओठ पूर्ण बधिर झाला, ठणका मात्र तसाच आहे.’ खालची बाजू बधिर होऊनही दुखते, म्हणजे दुखण्याचे मूळ दुसरीकडे आहे, आणि इथे विद्यार्थी थबकतो. पल्पचे (दाताच्या आतल्या नसेचे) दुखणे वरच्या जबड्यातून खालच्या जबड्यात जाणवू शकते, पण सहसा मध्यरेषा ओलांडत नाही, हे पुस्तकातले वाक्य त्याला आता उपयोगी पडते. मग सगळ्या वाटा थंड चाचणीच्या सेक्शनवर आणाव्यात: खालच्या दाढा थंडाला नेहमीसारखा प्रतिसाद देतात, वरच्या उजव्या दुसऱ्या दाढेला थंड लावताच तोच ठणका उठतो आणि थंड काढल्यावरही बराच वेळ टिकतो. एक्स-रे त्यानंतरच द्यावा. त्या दाढेच्या मागच्या बाजूची खोल कीड त्यात दिसते आणि इर्रिव्हर्सिबल पल्पायटिसचे (पल्पच्या बऱ्या न होणाऱ्या दाहाचे) निदान पक्के होते. खऱ्या पेशंटचा एक्स-रे वापरायचा असेल तर संमती घ्यावी आणि नाव व नोंदणी क्रमांक कापून टाकावा.

फॉर्ममध्ये एक खोट आहे. ‘बॅक’ दाबून विद्यार्थी आधीचे उत्तर बदलू शकतो, त्यामुळे त्याचा पहिला अंदाज हाती राहत नाही. मी त्यासाठी केसचे दोन वेगळे फॉर्म करतो आणि पहिला सबमिट झाल्यावरच दुसऱ्याची लिंक देतो. निवडीनुसार वाटा फुटणाऱ्या गोष्टी रचायचे ट्वाइन हे मोफत साधनही चांगले आहे. त्यात तयार झालेली एचटीएमएल फाइल नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडते. मात्र ते उत्तरे आपणहून शिक्षकाकडे पाठवत नाही आणि चित्रांची सोय वेगळी करावी लागते.

केस हाताशी आली की तिच्यातूनच स्क्रिप्ट कॉन्कॉर्डन्स पद्धतीचे, म्हणजे नवी माहिती कळल्यावर अंदाज किती बदलतो हे तज्ज्ञांच्या उत्तरांशी ताडून पाहणारे, प्रश्न काढता येतात: ‘तुमच्या मनात सायनसायटिस आहे, आणि खाली वाकल्यावर दुखणे वाढत नाही असे कळले, आता ती शक्यता किती बदलली?’ उत्तर उणे २ ते अधिक २ या पट्टीवर घ्यावे. गुण मात्र एकाच शिक्षकाच्या उत्तरावरून देऊ नयेत. अनेक अनुभवी दंतवैद्यांकडून तेच प्रश्न सोडवून घ्यावेत, सर्वाधिक जणांनी निवडलेल्या उत्तराला पूर्ण गुण आणि इतरांना त्या प्रमाणात कमी द्यावेत.

वर्गात जाण्यापूर्वी उत्तरांच्या शीटमधला फक्त कारणांचा रकाना वाचावा. निदान बरोबर पण कारण ‘एक्स-रेमध्ये दिसते’ एवढेच असेल, तर चर्चेची सुरुवात त्याच विद्यार्थ्यापासून करावी.