रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी: फ्लॅटमधील ओल कशी शोधावी आणि कशी थांबवावी

जुलैमध्ये बेडरूमच्या कोपऱ्यात पिवळसर डाग दिसतो, ऑगस्टमध्ये तेथील रंगाचे पोपडे सुटू लागतात, आणि दिवाळीच्या आधी रंगारी येऊन ते खरवडून, पुट्टी भरून, वर दोन हात मारून जातो. पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा त्याच जागी उमटतो. आमच्या घरी हा प्रकार सलग तीन वर्षे चालला. भिंत बाहेरची असल्यामुळे पाणी पावसाचेच असणार, असे आम्ही, रंगारी आणि शेजारी सर्वांनीच धरून ठेवले होते; चौथ्या वर्षी एका जाणत्या प्लंबरने लक्षात आणून दिले, की डाग मे महिन्यातही वाळत नाही, म्हणजे पाणी आभाळातून येत नाही. पलीकडच्या बाथरूममधील न्हाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीवरचे पाणी जेथून वाहून जाते त्या तोंडाखालच्या वाकड्या पाइपाचा, सांधा सुटलेला होता. तीन वेळच्या रंगाचा खर्च त्या दुरुस्तीहून जास्त झाला होता. म्हणून पाणी कोठून येते हे ठरल्याशिवाय भिंतीवर एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे ठाम मत आहे.

शोधाची सुरुवात एका पेन्सिलीने करावी. ओलीची कड जेथपर्यंत आली आहे तेथे बारीक रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी आणि दर आठवड्याला नवी रेघ ओढावी. पाऊस पडून गेल्यावर एकदोन दिवसांत कड पुढे सरकत असेल, तर गच्ची, बाहेरची भिंत किंवा खिडकी यांपैकी कोठून तरी पाणी येत आहे. पाऊस असो वा नसो, कड सारखीच पुढे जात असेल, तर भिंतीतील पाण्याची नळी संशयास्पद ठरते, कारण तिच्यात पाणी सतत दाबाखाली असते. घर चार दिवस बंद असताना कड मागे हटली, तर दोष बहुधा सांडपाण्याच्या बाजूचा, म्हणजे बाथरूम, मोरी किंवा सिंक यांचा असतो. तळमजल्यावरील घरात जमिनीपासून दोनतीन फुटांपर्यंत आडवा पट्टा दिसतो आणि त्यावर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, फुटतो; तेथे जमिनीतील ओलावा जोत्यातून वर चढत असतो आणि त्यावर गच्चीचे कोणतेही काम उपयोगी पडत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. पाणी जेथे दिसते तेथेच ते आत शिरलेले असते असे नाही. स्लॅबमधून विजेच्या तारांच्या नळ्या गेलेल्या असतात. गच्चीच्या एका टोकाला शिरलेले पाणी त्या नळीतून वाहत येऊन हॉलच्या मधोमध पंख्याच्या हुकातून ठिबकू शकते. असे ठिबकताना दिसले, तर त्या खोलीचा वीजपुरवठा मेन बोर्डावरून तत्काळ बंद करावा आणि इलेक्ट्रिशियनने पाहिल्याशिवाय तो सुरू करू नये.

कपाटामागची किंवा स्वयंपाकघरातील भिंत ओलसर व काळपट दिसत असेल, तर ती गळती नसून खोलीतील वाफ गार भिंतीवर बसल्याचा परिणामही असू शकतो. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब कागदाच्या आतल्या बाजूला जमले तर ओल भिंतीतली आहे, बाहेरच्या बाजूला जमले तर ती हवेतली आहे, आणि मग कपाट चार बोटे पुढे ओढून हवा खेळती ठेवणे हाच इलाज पुरेसा ठरतो.

बाथरूमवर संशय असेल, तर फरशी फोडण्याआधी तीन चाचण्या कराव्यात. पहिली, फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवावा. सकाळी खालच्या घरातील छताचे ठिबकणे थांबलेले असेल, तर दोष दाबाच्या नळीत आहे. दुसरी, न्हाणीचे तोंड कापडाचा बोळा आणि प्लास्टिक लावून बंद करावे, फरशीवर दोन इंच पाणी भरून पातळीची खूण करावी आणि चोवीस तास थांबावे. खालच्या घरात ओल वाढली तर पाणी फरशीच्या सांध्यांतून उतरते आहे. तिसरी, न्हाणी उघडून तिच्यात गडद रंग कालवलेले पाणी भरपूर ओतावे. तो रंग खालच्या छतावर उतरला तर ट्रॅप किंवा त्याचा पाइप फुटलेला आहे. या चाचण्या एकाच दिवशी करू नयेत, कारण मग कोणत्या पाण्याने डाग वाढला हे कळत नाही. खालच्या घरातील काकूंना दर वेळी आधी सांगून ठेवावे. शेवटी तुमच्या बाथरूमचे खरे चित्र त्यांच्याच छतावर दिसते.

फरशी काढावीच लागली, तर काम अर्धवट करू नये. पुष्कळ इमारतींत बाथरूमचा स्लॅब फूट-दीड फूट खाली घेतलेला असतो आणि पाइप टाकल्यावर तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. वरच्या टाइल्समधून वर्षानुवर्षे झिरपलेले पाणी या भरावात टाकीसारखे साठून राहते. नुसत्या टाइल्स बदलल्या तर ते पाणी तेथेच राहते आणि पुढे काही महिने खालच्या घरात उतरत राहते. त्यामुळे भराव पूर्ण काढून, स्लॅब घासून स्वच्छ करून तो वाळू द्यावा. पाइप जेथे भिंतीतून किंवा स्लॅबमधून बाहेर पडतो तेथील फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरण्याच्या मिश्रणाने) भरावी, भिंत आणि तळ जेथे मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलसर वाटा काढावी, आणि त्यावर पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या लेपाचे दोन हात द्यावेत. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने मारला म्हणजे सुटलेल्या जागा झाकल्या जातात. हा लेप भिंतीवर किमान एक फूट आणि शॉवरच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीपर्यंत चढवावा. लेप वाळल्यावर, भराव आणि टाइल्स घालण्यापूर्वी, तेथे पाणी भरून अठ्ठेचाळीस तास ठेवावे. गवंडी घाईत असतो आणि ही पायरी टाळू पाहतो. ती टाळू देऊ नये.

कामाचा क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. आधी सर्व पाइप टाकून त्यांची दाबाची चाचणी घ्यावी, मग वॉटरप्रूफिंग, आणि शेवटी टाइल्स. वॉटरप्रूफिंग झाल्यानंतर एखाद्या नळाची जागा बदलावीशी वाटली आणि प्लंबरने छिन्नी मारली, की सगळा खर्च त्या एका भोकातून वाहून जातो. त्यामुळे नळ, गिझर, कमोड यांच्या जागा पहिल्याच दिवशी भिंतीवर खडूने आखून घरातील सर्वांना दाखवाव्यात. फरशीला न्हाणीकडे दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार ठेवावा आणि टाइल्सच्या सांध्यांत साध्या पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट भरावा. तो महाग पडतो, पण आंघोळीच्या जागेत तेथे काटकसर करणे योग्य नाही.

गच्चीचे काम मार्च ते मे या कोरड्या महिन्यांतच करावे. पाऊस तोंडावर आल्यावर घाईने मारलेला लेप ओल्या स्लॅबवर धरत नाही, त्याचे फुगे येतात. गच्चीत सर्वप्रथम पाणी जाण्याच्या तोंडांवरील जाळ्या आणि कठड्याचा पाया पाहावा, कारण बऱ्याच गळत्या मधल्या मोकळ्या गच्चीतून नव्हे, तर कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातून होतात. डिश अँटेना किंवा सोलर पॅनेलसाठी मारलेले बोल्ट हेही पाण्याचे नेहमीचे दार असते. कठड्यात किंवा पाइपाच्या सांध्यात पिंपळाचे रोप उगवले असेल, तर ते वरवर छाटून उपयोग नाही; मुळासकट काढून ती भेग भरावी लागते. पूर्वीचा कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा गच्चीवरचा थर, फुटला असेल, तर त्यावर दुसरा कोबा घालण्याचा सल्ला अनेक ठेकेदार देतात. तो मान्य करू नये. चार इंच जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भरते, म्हणजे 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 20 टन जादा भार येतो, आणि जुन्या इमारतीवर असा भार टाकणे धोक्याचे आहे. जुना थर काढून नवा घालावा, आणि सिमेंटच्या कामावर किमान सात दिवस पाणी मारावे.

खर्च कोणी करायचा यावरून शेजाऱ्यांत वितुष्ट येते, म्हणून नियम माहीत असलेला बरा. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याने सर्वांत वरच्या मजल्यावरील छताचे झालेले नुकसान यांची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. सदनिकेच्या आतील बाथरूम, सिंक वगैरेंची गळती ही त्या सभासदाची जबाबदारी असते. तक्रार तोंडी करू नये. तारखेसह फोटो जोडून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा येथेही उपयोगी पडतात. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांहून जुनी असेल तर तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्यावे, असेही याच उपविधींत म्हटले आहे. फ्लॅट नवा असेल, तर 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन, कायद्याचे कलम 14 लक्षात ठेवावे: ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कामाच्या दर्जातील दोष लेखी कळवला, तर विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे बंधनकारक आहे.

छताचा गिलावा पडून आतील सळई उघडी पडली असेल, तर तो रंगाऱ्याचा किंवा गवंड्याचा विषय राहत नाही. गंजलेले लोखंड मूळ आकाराहून जास्त जागा घेते आणि आतून काँक्रीट फोडते. वरून कितीही सिमेंट थापले तरी ते काही महिन्यांत पुन्हा सुटते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर घडते. येथे स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच बोलवावे.

जुना फ्लॅट विकत घेणार असाल, तर शक्य असल्यास तो जुलै-ऑगस्टमध्ये पाहावा. सगळे घर जुन्या रंगाचे आणि एकच भिंत ताजी रंगवलेली असेल, तर त्या भिंतीबद्दल स्पष्ट विचारावे. सिंकखालचे कपाट उघडून वास घ्यावा, लॉफ्टमध्ये टॉर्च घेऊन चढावे, बाथरूमच्या टाइल्सवर नाण्याने टकटक करावे; पोकळ आवाज येत असेल तेथे टाइल सुटलेली असते. बेडरूमला पीओपीचे खोटे छत असेल, तर एखादा दिवा उतरवून वरचा स्लॅब पाहू द्यावा अशी विनंती करावी. आणि निघताना खालच्या मजल्यावरची बेल वाजवावी. विकणारा जे सांगणार नाही, ते खालचे शेजारी पाच मिनिटांत सांगतात.

गळती थांबल्यानंतर रंगाची घाई करू नये. लोणा पाण्याने धुऊ नये, कारण क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच शिरतात. तो कोरड्या ब्रशने झाडावा. सुटलेला गिलावा वीट दिसेपर्यंत काढून भिंत उघडीच ठेवावी. जाड भिंत पूर्ण वाळायला काही महिने लागतात आणि तोपर्यंत ती कुरूप दिसते, हे मान्य करावे. ठेकेदाराशी ठरवतानाच थोडी रक्कम एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवण्याचे लिहून घ्यावे. जूनमध्ये पहिली मोठी सर येऊन गेली, की पेन्सिल घेऊन पुन्हा त्या कोपऱ्यात जावे. ऑक्टोबरपर्यंत कड जागची हलली नाही, तर उरलेले पैसे द्यावेत आणि मगच रंगाऱ्याला बोलवावे.