धातुमळीच्या ढिगाऱ्यालगतची माती आणि पाणी कसे तपासावे

शिसे किंवा जस्त गाळणारी भट्टी बंद पडली, तरी तिच्या धातुमळीचा, म्हणजे धातू काढून घेतल्यावर उरलेल्या टाकाऊ पदार्थाचा, ढिगारा तिथेच राहतो. झांबियातील काब्वे येथील शिसे-जस्ताची खाण व भट्टी १९९४ मध्ये बंद झाली. मात्र लोक ज्याला ‘ब्लॅक माउंटन’ म्हणतात, त्या ढिगाऱ्याच्या आसपास कासांडा, चोवा, मकुलुलू या वस्त्यांतील मुलांच्या रक्तात त्यानंतरही शिसे आढळत राहिले.

अशा ठिकाणी बहुतेक जण प्रथम विहिरीचे पाणी तपासायला देतात. माझ्या मते आधी वारा पाहावा, कारण शिशाचा मोठा भाग उडत्या धुळीतून अंगणात येतो आणि तिथून मुलांच्या हातावाटे पोटात जातो. कोरड्या ऋतूत वारा ढिगाऱ्यावरून ज्या दिशेला वाहतो, त्या बाजूची अंगणे, खेळण्याच्या जागा आणि पागोळ्या पडतात तिथली माती निवडावी. तुलनेसाठी वाऱ्याच्या उलट बाजूचा, दूरचा एक नमुनाही घ्यावा. अंगणात वरचा दोन सेंटिमीटरचाच थर खरवडावा, शेतात मात्र सुमारे पंधरा सेंटिमीटरपर्यंतची माती घ्यावी. हे दोन्ही नमुने एकत्र केल्यास वरच्या थरातील शिसे खालच्या मातीत विरळ होते आणि अहवाल फसवा येतो. जस्ताचा मुलामा दिलेले खुरपे वापरू नये, कारण त्याचेच जस्त नमुन्यात उतरू शकते. हाताला चिकटते ती बारीक माती, म्हणून प्रयोगशाळेकडून चाळलेल्या बारीक मातीचा आकडा वेगळा मागावा.

पाण्याचा नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या, नायट्रिक आम्ल घातलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत घ्यावा, अन्यथा धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. मळीत गंधकाची संयुगे उरली असतील, तर पावसात आम्लधर्मी पाणी झिरपते. त्यामुळे पावसाळ्यातही पुन्हा तपासणी करावी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, तर कॅडमियमची (जस्ताच्या खनिजासोबत आढळणारा विषारी धातू) ०.००३ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळल्याने धातू जात नाहीत.

शिसे आढळल्यास मुलांची रक्ततपासणी लांबवू नये, घर ओल्या फडक्याने पुसावे आणि पालेभाज्या तिथल्या मातीत लावू नयेत. चुना घातल्याने कॅडमियम व शिसे मातीत बऱ्याच अंशी जखडले जातात. पण अहवालात आर्सेनिक असेल तर चुना घालण्याआधी मृदातज्ज्ञाला विचारावे, कारण माती अल्कधर्मी झाली की आर्सेनिक उलट मोकळे होऊ शकते.