शस्त्रक्रियेची जखम चिघळू नये म्हणून

चिरेच्या जागेचे केस आड येत नसतील तर काढूच नका. काढायचेच असतील तर क्लिपर (त्वचेला न खरवडता केस कापणारे यंत्र) वापरा. वस्तऱ्याने त्वचेवर बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना तिथेच घर मिळते.

अँटिबायोटिकची वेळ सर्वाधिक चुकते. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक चीर देण्याआधी 60 मिनिटांच्या आत शिरेतून द्या: प्रौढांना सहसा 2 ग्रॅम, वजन 120 किलो किंवा जास्त असल्यास 3 ग्रॅम. वॉर्डातच देऊन टाकले आणि ऑपरेशन लांबले, तर ऐन चिरेच्या वेळी रक्तातली पातळी उतरलेली असते. शस्त्रक्रिया 4 तासांपुढे गेली किंवा फार रक्तस्राव झाला, तर पुन्हा डोस द्या. टाके घातल्यावर ‘खबरदारी’ म्हणून पाच दिवस गोळ्या चालू ठेवण्याने संसर्ग टळत नाही, जंतू मात्र औषधाला निर्ढावतात.

त्वचेला अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक द्रावण) लावा आणि ते पूर्ण सुकू द्या, किमान 3 मिनिटे. पुसू नका. ओले असताना कॉटरी (विजेच्या उष्णतेने रक्तस्राव थांबवणारे उपकरण) चालवली तर पेट घेते, म्हणून पाठीखाली साचलेले द्रावणही टिपून घ्या.

रुग्णाचे तापमान 36 अंश सेल्सियसखाली आणि रक्तातली साखर दर डेसिलिटरला 200 मिलिग्रॅमवर जाऊ देऊ नका. मधुमेह नसलेल्यांचीही तपासा.

पहिले ड्रेसिंग कोरडे असेल तर 48 तास उघडू नका.