रोजच्या गाडीचं सस्पेन्शन बदलायचंय? आधी रबर, मग शॉकअप, उंचीचं सगळ्यात शेवटी

गणपतीत गाडी कोकणात नेली की सस्पेन्शनची खरी परीक्षा होते. पाच माणसं, डिकीत मखराचं सामान, येताना नारळ, आणि मग प्रत्येक खड्ड्याला मागून असा धप्प आवाज की मागच्या सीटवरची मंडळी बोलता बोलता गप्प. माझी 2014 ची डिझेल स्विफ्ट, 84 हजार किमी झालेली, त्यातले निम्मे पुण्यातल्या खोदलेल्या रस्त्यांवर नाहीतर घाटात, म्हणजे शॉकअप गेले यात गाडीचा काही दोष नाही, वयच झालं होतं त्यांचं. पण मी तेव्हा शहाणपणा काय केला तर हायवेवरच्या एका दुकानात स्प्रिंगांमध्ये रबरी स्पेसर बसवून घेतले, दुकानदार म्हणाला दादा गाडी अर्धा इंच उचलते, खाली लागायचं टेन्शनच नाय. उचलली खरी. पण दणका थेट मणक्यात यायला लागला.

कारण सोपं आहे, मला उशिरा कळलं एवढंच. रबर दोन वेढ्यांच्या मध्ये ठोकलं की तेवढे वेढे कामातूनच जातात, उरलेल्यांवर सगळा भार, म्हणजे स्प्रिंग कडक झाली. आणि कडक स्प्रिंगला आवरायला शॉकअप कुठला, तर तोच थकलेला. तीन महिन्यांनी स्पेसर काढले तेव्हा रबर बसलेल्या जागचा रंग घासून गेलेला आणि तिथे बरोब्बर गंजाचा पट्टा. स्प्रिंग तुटते ती बऱ्याचदा अशाच गंजाच्या जागी, किंवा अगदी खालच्या वेढ्यात जिथे बैठकीत माती आणि पाणी साठतं तिथे. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी तर तो खालचा वेढा दर पावसाळ्यानंतर बघायलाच हवा.

तर मुद्दा हा की गाडीचं वजन पेलते स्प्रिंग, आणि खड्ड्यात दबते तीही स्प्रिंगच. शॉकअपचं काम त्या स्प्रिंगला लगेच गप्प बसवणं, नाहीतर ती एका खड्ड्यावर चारदा नाचेल. म्हणून नुसती स्प्रिंग बदलून किंवा नुसती उंची वाढवून-कमी करून "सस्पेन्शन अपग्रेड" होत नाही, आणि रोज ऑफिसला न्यायच्या गाडीत तर नाहीच नाही.

पैसे काढायच्या आधी टायरची हवा बघा, गाडी रात्रभर उभी असताना, थंड टायरवर. हसू नका, पंपवाल्या पोराने सगळ्यांना सरसकट 40 भरलेली असते आणि मग गाडी दगडासारखी लागते म्हणून लोक शॉकअप शोधत फिरतात. ड्रायव्हरच्या दाराच्या आत कंपनीचा स्टिकर असतो, त्यावरचा आकडा धरा, पूर्ण लोडसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोही बघून ठेवा.

मग आवाज. हे शिकून घेतलं की गॅरेजवाला तुम्हाला गंडवू शकत नाही. हळू चालवताना बारीक खडबडीत रस्त्यावर पुढून कट-कट-कट असा हलका आवाज आला की पहिला संशय लिंक रॉडवर (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारला जोडणारा छोटा दांडा), स्वस्त पार्ट आहे आणि यातलं सगळ्यात सोपं काम. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना "टुंग" असं स्प्रिंग उसळल्यासारखं वाजलं तर वरच्या माउंटचं (शॉकअप वर बॉडीला जिथे बसतो तो भाग) बेअरिंग अडकतंय, खात्री करायला कुणालातरी स्टेअरिंग फिरवायला सांगा आणि हात स्प्रिंगवर हलकेच ठेवा (बोटं वेढ्यांच्या मध्ये घालू नका), स्प्रिंग सरळ न फिरता थांबून थांबून उडी मारते ते हाताला कळतं. ब्रेक मारताना किंवा क्लच सोडताना एकच ठोका आला तर लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या हाताचे, बुश (सांध्यातले रबर). आणि टायरच्या पट्ट्यावरून तळवा फिरवून बघा, सगळीकडे सारखं लागलं पाहिजे, दर वितीवर उंचवटा-खळगा लागत असेल तर चाक रस्त्यावर टेकून राहत नाहीये, म्हणजे शॉकअप गेला. बॉनेट दाबून गाडी किती वेळा हलते ती टेस्ट सगळे करतात, पण अर्धवट गेलेला शॉकअप त्यात पास होतो. त्यापेक्षा शॉकअप बघा, वर नुसती तेलाची दमट धूळ असेल तर चालतं, पण ओघळ खालपर्यंत आला असेल तर विषय संपला.

माझ्या गाडीत निघालं काय तर दोन्ही लिंक रॉड, दोन्ही वरचे माउंट, चारही शॉकअप, आणि बंप स्टॉप. हा बंप स्टॉप म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरचा पिवळट फोमचा तुकडा, शॉकअप पूर्ण दबला की शेवटचा दणका हा घेतो. जुना हातात घेतला तर ओलं बिस्किट चुरावं तसा चुरला. शंभरातले बरेच लोक नवीन शॉकअप घालतात आणि हाच तुकडा जुना ठेवतात, किंवा तो तिथे उरलेलाच नसतो हे त्यांना माहीतच नसतं. कोकणातला धप्प आवाज तोच होता हो.

आता घ्यायचं काय. माझं मत सरळ आहे, रोजची गाडी असेल तर कंपनीच्याच मापाच्या स्प्रिंग ठेवा आणि शॉकअप चांगले घ्या. गॅब्रिएल, मनरो, केवायबी यांचे गॅस भरलेले शॉकअप बहुतेक कॉमन गाड्यांना मिळतात, कंपनीसारखाच आराम आणि थोडी जास्त पकड. थोडं कडक पाहिजे असेल आणि बजेट असेल तर बिलस्टीनचा बी6, तो ओरिजिनल उंचीच्या स्प्रिंगसाठीच असतो, बी4 म्हणजे कंपनीच्या जागी सरळ बदली, आणि बी8 हा आखूड दांड्याचा, खाली बसवलेल्या गाडीसाठी, तो भलत्या स्प्रिंगबरोबर घेऊ नका. कोनीच्या पिवळ्या शॉकअपचा कडकपणा कमी-जास्त करता येतो. पण आधी तुमच्या मॉडेलला ते मिळतात का ते बघा, "थोडं मॉडिफाय करून बसवू" असं कुणी म्हटलं की तिथून निघायचं. पुण्यात असाल तर नाना पेठेत सगळं मिळतं, पण पक्कं बिल घ्या आणि डबा दुकानातच उघडून पार्ट नंबर जुळवा, कारण डावा-उजवा चुकला तर ते गाडी वर उचलल्यावर कळतं.

गाडी खाली बसवायची हौस मला पण होती, नाही म्हणणार नाही, दिसते भारी. पण हिशोब करा. माझ्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स 170 मिमी, लोअरिंग स्प्रिंगने 40 गेले की 130, त्यात पाच माणसं बसली की अजून खाली. स्पीड ब्रेकर नियमाने बांधला तर 10 सेमी उंच आणि 3.7 मीटर रुंद पाहिजे, आपल्याकडे सोसायटीवाले रात्रीत डांबराचं जे डोंगर उभं करतात ते तुम्ही रोज बघता. शिवाय खाली बसवल्यावर शॉकअपला दबायला जागाच कमी उरते, सारखं बंप स्टॉपवर आपटणं. आणि कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा एकत्र सेट) घेणाऱ्यांना एवढंच सांगतो की त्याचे आटे पावसाळ्यातल्या चिखलाने जाम होतात, दर काही महिन्यांनी ब्रशने साफ करून अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावत बसायची तयारी असेल तरच घ्या. काहींच्या वरच्या माउंटला रबरच नसतं, डायरेक्ट धातू, त्यामुळे गाडीत भांडी वाजल्यासारखा आवाज येतो.

कायद्याचं पण ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीच्या मापाचा शॉकअप बदलणं ही रिपेअरच झाली, पण उंची बदलणं म्हणजे प्रकरण वेगळं. इन्शुरन्सला न कळवता केलं तर क्लेमच्या वेळी तेच तुमच्या अंगावर येतं.

बसवणं. स्वतः करायचं असेल तर पाठीमागून सुरुवात करा. स्विफ्टसारख्या गाडीत मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, गाडी स्टँडवर, एक्सलखाली जॅक, शॉकअपचे खालचे बोल्ट काढून जॅक हळूहळू उतरवला की स्प्रिंग सैल होऊन हातात येते. लक्ष फक्त ब्रेकच्या पाइपकडे ठेवा, तो ताणला जाता कामा नये. आणि गाडीबरोबर आलेल्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, तो स्टेपनी बदलायला असतो, खाली झोपायला नाही.

पुढचं काम मात्र ज्याला येत नाही त्याने मिस्त्रीकडूनच करून घ्यावं, फक्त शेजारी उभं राहावं. पुढे स्प्रिंग स्ट्रटवर, म्हणजे पुढच्या शॉकअपवरच, दाबून बसवलेली असते, वरचा नट स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता सोडला तर ती बंदुकीसारखी उडते, जीव जाऊ शकतो. शेजारी उभं राहून काय बघायचं ते सांगतो. एक, नवीन शॉकअपचा चकचकीत दांडा कुणी पकडीने धरत नाहीये ना, कारण एक बारीक ओरखडा पडला तरी तो प्रत्येक खड्ड्याला सील कापत राहतो आणि सहा महिन्यांत तेल बाहेर. दांड्याच्या टोकाला ॲलन कीची जागा नाहीतर चपट्या कडा असतात, त्या धरून नट आवळायचा. दोन, गोडाऊनमध्ये आडवा पडलेला शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा-ओढायचा, आत इकडेतिकडे गेलेली हवा वर येते, नाहीतर पहिल्या दिवसापासून आवाज. तीन, कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. लॉक नट नवीन घालायचे. आणि एका एक्सलचे दोन्ही एकदम बदलायचे, "एकच गेलाय साहेब" याला भुलू नका.

पण सगळ्यात जास्त चुकतं ते आता सांगतो. लोअर आर्मचे किंवा मागच्या एक्सलचे बुश बदलले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे कसायचे नाहीत. बुशमधलं रबर गोल फिरत नाही, ते पिळलं जातं. गाडी वर असताना आर्म खाली लोंबत असतो, तशातच बोल्ट कसला की रबर त्या लोंबत्या पोझिशनला चिकटलं, मग गाडी खाली घेतली की ते कायमचं पिळलेलं, वर्षभरात फाटणार. म्हणून आधी हलके लावायचे, चाकं जमिनीवर टेकवायची, गाडी दोनचारदा दाबून बसवायची, आणि मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने कसायचे. मी हे सांगितलं तेव्हा आमचे मिस्त्री मामा म्हणाले, "दादा, तीस वर्षं असंच कसतोय." मी म्हटलं मामा, फक्त माझ्या गाडीला करा. पिटवर गाडी घेऊन केलं त्यांनी, कुरकुरत का होईना.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट, हे टाळायचंच नाही, स्ट्रटचे चाकाकडचे दोन बोल्ट सोडले की कॅम्बर-टो (चाकाचा कल आणि दिशा) हललेलाच असतो. अशा गाडीत मागचं ॲडजस्ट होत नाही, पण मशीनवर आकडे येतात, ते प्रिंट मागून घ्या आणि ठेवा. उंचीत फरक पडला असेल तर हेडलाइट पण लेव्हल करा, नाहीतर समोरचे तुम्हाला शिव्या देत जातात. ॲडजस्ट होणारे शॉकअप असतील तर आधी हलक्या हाताने पूर्ण कडक बाजूला फिरवून तिथून क्लिक मोजत सैल करत यायचं, दोन्ही बाजू सारख्या, एका वेळी एकच बदल, आणि चाचणी रोजच्याच रस्त्यावर. मी घराजवळचा एकच स्पीड ब्रेकर 20 च्या स्पीडने आणि मग जुना कात्रज घाट, असं ठरवून ठेवलंय.

साधारण 500 किमीनंतर सगळे बोल्ट एकदा तपासा. त्यानंतर दर 10 हजारला अलाइनमेंट, आणि टायर रोटेशनला चाकं निघालीच आहेत तर मोबाइलचा टॉर्च मारून डस्ट कव्हर फाटलंय का, बॉल जॉइंटचं (चाकाला वळू-हलू देणारा सांधा) रबर फुटून ग्रीस बाहेर आलंय का एवढं बघा, पाच मिनिटं लागत नाहीत. पावसाळ्यात खालून साध्या पाण्याने धुवा, प्रेशर गन सांध्यांवरच्या रबरी कव्हरांच्या अगदी जवळ धरू देऊ नका, पाणी आत घुसतं.

आणि एक सवय सोडा, सर्व्हिसिंगला गाडी वर घेतली की खालून डिझेल नाहीतर जुनं ऑइल फवारायची. गंज लागत नाही, आवाज बंद होतात म्हणतात, आवाज होतात पण बंद, आठ दिवस. तेलाने रबर फुगतं आणि भुसभुशीत होतं, म्हणजे नवीन घातलेले बुश तुम्हीच पैसे देऊन मारताय. रबर कुरकुरत असेल तर सिलिकॉन स्प्रे मारा, बास. मागच्या महिन्यात धुवायला दिली तर तिथला पोरगा फवारणीचा पंप घेऊन तयारच होता, म्हणाला साहेब फ्री आहे. मी नको म्हटलं तर दोनदा विचारलं त्याने, आणि शेवटी शेजारच्या गाडीकडे वळला.